डोलकाठीवरचा धागा

बेथिया टॅनॉकला ज्याचा हेवा वाटला नाही असं माणूस आमच्या अख्ख्या पार्टिक वस्तीत शोधून सापडलं नसतं. समोरच्या बिऱ्हाडाला ऊन येणारी खिडकी होती, त्याचा हेवा. पाद्रीबुवांच्या बायकोला खोकला झाला आणि गल्लीभर तिची चौकशी झाली, त्याचाही हेवा. म्हातारा मकिलरेथ वारला तेव्हा त्याच्या शवपेटीच्या पितळी कड्यांकडे ती अशी टक लावून बघत होती की मला तिला कोपर मारावं लागलं. "बघ ना, इसा," ती माझ्या कानात पुटपुटली, "जन्मभर गटारात लोळला आणि जाताना केवढा थाट!"

मी इसा रँकिन. धाग्याच्या खोलीत बेथियाच्या शेजारच्या बाकावर माझं तारुण्य गेलं. तिच्याविषयी लोक काय काय बोलतात ते मला ठाऊक आहे आणि त्यातलं बरंचसं मीच पसरवलेलं आहे. पण ज्यांनी तिला फक्त जळताना पाहिलं त्यांनी तिला अर्धंच पाहिलं, आणि अर्ध्या माहितीवर तोंड टाकणाऱ्यांचा मला संताप येतो.

या सगळ्याची सुरुवात म्हणे एका अंड्यापासून झाली. आमच्याकडे सकाळी बापाला उकडलेलं अंडं मिळायचं, पोरांना ओटची पेज. बाप अंड्याचं वरचं टोक कापून एका पोराला द्यायचा. टॅनॉकांच्या घरी ते टोक रोज वॉटीला, म्हणजे धाकट्याला. बेथिया थोरली आणि वर मुलगी, तिने फक्त बघायचं. वॉटी पुढे आमच्याच कारखान्यात पितळकामाच्या लेथवर लागला, आडव्या अंगाचा, शांत, गाढवासारखा भला. ती त्याच्यावर जीव टाकायची आणि जेवताना त्याच्या ताटातले बटाटे मोजायची. दोन्ही एकाच वेळी.

आमचा कारखाना लढाऊ जहाजांसाठी डोळे बनवायचा. खालच्या मोठ्या दालनात पुरुष लांबलचक नळ्या जोडत. नळीच्या दोन टोकांना दोन भिंगं, मध्ये डोळा लावायचा, आणि शत्रूचं जहाज किती लांब आहे ते वाचायचं. पलीकडे घड्याळासारखी यंत्रं बनत. आपलं जहाज पळतंय, त्याचंही पळतंय, मग गोळा पोचेपर्यंत अंतर किती झालेलं असेल याचा हिशेब ती चक्रं करत. आणि सगळ्यात वर, उत्तरेच्या अंगाला, आम्हा बायकांची धाग्याची खोली. नेमबाजाला दुर्बिणीत जी उभी-आडवी रेघ दिसते ती रेघ म्हणजे कोळ्याचा धागा. त्या कामाला रेशीम जाड पडतं, आणि माणसाचा केस म्हणजे तर दोरखंडच.

कोळी बोटावर घेऊन हलकेच झटकला की तो धागा सोडत खाली उतरतो. तो धागा बेचकीसारख्या दुबेळक्या तारेवर गुंडाळायचा. मग भिंगाखाली पितळी कडीच्या खाचेत तो बसवायचा आणि टोकांवर लाखेचा थेंब सोडायचा. बसवण्याआधी त्याच्यावर तोंडाची वाफ सोडायची, म्हणजे तो ओलावतो, आणि ओला असतानाच ताणून चिकटवायचा. असा धागा सुकला की ताठ होतो, समुद्राच्या दमट हवेतही वाकत नाही. पण वाफ सोडल्यावर जरा रेंगाळलात तर तो हवेतच सुकतो. तसा सुकलेला बसवला तर खोलीत सुतासारखा सरळ दिसतो आणि समुद्रावर गेल्यावर पोट काढतो. वाकडा धागा म्हणजे वाया गेलेला गोळा, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं जाई.

शिकवायच्या प्रिंगलबाई. खोलीतल्या एकुलत्या मोठ्या खिडकीपाशी त्यांची खुर्ची. तिथला उजेड दिवसभर एकसारखा. खुर्चीवरच्या बाईने बघून "जाऊ दे" म्हटल्याशिवाय कडी खोलीबाहेर जायची नाही, मग समोर साहेब असो नाहीतर नौदलाचा तपासनीस. आमच्याकडे पाद्रीबुवांच्या आशीर्वादापेक्षा त्या दोन शब्दांना किंमत होती. त्यातच जहाजांवर नवी पद्धत आली. पूर्वी प्रत्येक तोफेचा नेमबाज वेगळा असे, धुरात आणि पाण्याच्या फवाऱ्यात कुणाला धड काही दिसत नसे. आता डोलकाठीवर उंच एकाच माणसाला दुर्बीण देऊन बसवायचं, आणि त्याने चाप ओढला की सगळ्या तोफा एकदम सुटायच्या. म्हणजे सगळं जहाज एका धाग्याच्या भरवशावर. ती डोलकाठीची कडी फक्त खिडकीच्या खुर्चीने बसवायची असा प्रिंगलबाईंचा दंडक होता.

प्रिंगलबाईंचे डोळे आता थकले होते. त्यांच्यानंतर खुर्ची बेथियाची, हे सगळ्यांनी धरलेलं होतं, आणि बेथियाने तर सगळ्यांच्या आधी. सकाळी लवकर येऊन ती खिडकीची काच आतून पुसायची. कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग टायरी बेटावरून एफी मॅकफेल आली.

एफी काही देखणी नव्हती, असती तर बेथियाला तिचा हेवा करणं सोपं गेलं असतं. बुटकी, गालांवर वाऱ्याने फुटलेल्या रेषा, आमची भाषा अडखळत बोलायची आणि मनातल्या मनात तिच्या बेटाच्या भाषेत काहीतरी गुणगुणायची. पहिल्या आठवड्यात तिने एवढे धागे तोडले की आम्ही हसून लोटपोट झालो. बेथियाने तर मोठ्या मनाने तिला आपलं भिंग वापरायला दिलं. पण हिवाळा सरता सरता एफीचे धागे तुटायचे थांबले, आणि वसंतात प्रिंगलबाई तिची कडी हातात घेऊन इतका वेळ बघत बसल्या की खोलीत चहाचे पेले वाजायचे थांबले.

"एफी," प्रिंगलबाई म्हणाल्या, "उद्यापासून डोलकाठीची एक कडी तू बसवायचीस. माझ्याशेजारी बसून."

बेथियाच्या हातातली कडी टणकन फरशीवर पडली.

त्या दिवशी ट्रामने जाताना तिने यथेच्छ तोंडसुख घेतलं. "काल आलेली पोर! धड 'गुड मॉर्निंग' म्हणता येत नाही. मी या खोलीत केस पिकवले आणि खिडकीशेजारी कोण बसणार? तर ही मेंढरं राखणारी!"

"तुझे केस कुठे पिकलेत?" मी म्हणाले.

"पिकतील आता. हिच्यामुळेच पिकतील." आणि थोड्या वेळाने, "तिच्या हातात काही नाही, इसा. तिचे कोळीच वेगळे आहेत. कुठून आणते ते बघायला पाहिजे."

आमच्याकडे कोळी जो तो आपापले आणायचा. शरद लागला की शनिवारी दुपारी सुटल्यावर आम्ही कालव्याच्या काठी काटेरी झुडपांत जायचो. प्रत्येकीचं झुडूप ठरलेलं, आणि कुणाचं कुठलं ते विचारायचं नाही. होणाऱ्या नवऱ्याच्या सवयी विचाराव्यात एक वेळ, पण झुडूप नाही. बेथियाने त्या शरदात ती रीत मोडली. मला ओढत घेऊन गेली, कालव्याच्या पाणी अडवणाऱ्या दाराजवळच्या भिंतीआड दोघी उकिडव्या बसलो. एफी आली, गुणगुणत तिने चार-सहा कोळी वेगवेगळ्या काडेपेट्यांत एकेक घातले आणि गेली. झुडपावर अजून पुष्कळ लोंबकळत होते.

बेथिया झुडपात अशी घुसली की तिच्या चांगल्या झग्याला तीन खोंबारे पडले. काडेपेट्या तिने आणल्याच नव्हत्या. हाताशी होता आईचा ओटच्या खाऱ्या भाकऱ्यांचा डबा. "एकाच डब्यात?" मी म्हटलं. "अगं, खातील एकमेकांना."

"घरी गेल्या गेल्या वेगळे करते. तू पकड ना तो!"

घरी गेली तर आई दारातच उभी. शनिवारची संध्याकाळ, उद्या शब्बाथ, देवाचा विश्रांतीचा वार. टॅनॉककाकूंच्या घरात शनिवारी दिवेलागणीपासून सोमवारच्या सकाळपर्यंत सुई हातात घेतलेली चालायची नाही, मग कारखान्याचे कोळी कुठले! डबा त्यांनी चुलीच्या वरच्या फळीवर, बायबलच्या शेजारी ठेवला, आणि रविवारभर बेथिया त्याच्याकडे बघत देवाची प्रार्थना म्हणत बसली. सोमवारी तिने तो आमच्यासमोर उघडला. आत एकच कोळी होता, द्राक्षाएवढा फुगलेला, आणि बाकी नुसते पाय. प्रिंगलबाई सोडून सगळ्याजणी बाक धरून हसलो. एफीसुद्धा हसली, आणि आपल्या काडेपेट्यांतल्या दोन तिने बेथियापुढे सरकवल्या. तेवढंच बाकी होतं! बेथियाने त्या घेतल्या, त्या कोळ्यांचे धागे काढले, बसवले, आणि ते तिच्या नेहमीच्या धाग्यांसारखेच निघाले. चांगले होते. एफीसारखे नव्हते.

त्यानंतर बेथियाला एक सवय लागली. एफीची कडी तिच्या हाती आली की ती भिंगाखाली ठेवून चूक शोधत बसायची. जेवणाची सुट्टी तिची त्यातच जाई. आज ना उद्या वाकडा सापडेल या आशेने तिने एफीचा एकेक धागा असा न्याहाळला, जसा आम्ही कुणी आमचा स्वतःचाही न्याहाळला नाही. सापडला एकही नाही.

मग एक दिवस तिने एफीला रविवारी चहाला घरी बोलावलं. मी म्हटलं, हिला देवाने सद्बुद्धी दिली. पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलं. वॉटीची कॉलर तिने स्वतः इस्त्री केली, त्याला एफीच्या शेजारी बसवलं, आणि जामची बशी अशी ठेवली की प्रत्येक वेळी त्याने तिला ती द्यावी. घरी आईपाशी कौतुक, "एफी कशी शांत, एफी कशी कामसू, एफीच्या हातचा स्कोन पाव खाऊन बघ." ज्या तोंडाने तिला मेंढरं राखणारी म्हटलं त्याच तोंडाने! वॉटी बिचारा. त्याला कधी कुणी काही सुचवलंच नव्हतं, त्यामुळे सुचवलं ते त्याला स्वतःचंच वाटलं. वसंतात त्यांचं ठरलं.

लग्न ठरलेल्या मुलीची कारखान्यात मिरवणूक काढायची आमची रीत आहे. एफीला कागदी फुलांनी मढवलं, डोक्यावर पडद्याचं जुनेर, हातात मीठ भरलेलं मोरीतलं भांडं, आणि झाकणं बडवत आम्ही तिला रस्त्याने फिरवली. सगळ्यांत जोरात झाकण बडवत होती बेथिया. घामाघूम. गाल लाल. मला वाटलं, काय ही माया! आणि मग मधेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कारखान्याचा नियम होता, लग्न झालं की बाईने घरी बसायचं. परवा लग्न, आणि तेरवापासून एफीचा बाक रिकामा.

"बेथिया टॅनॉक," मी तिच्या कानात ओरडले, "भावाचा बळी दिलास खुर्चीसाठी!"

"बळी कसला? बायको मिळतेय त्याला," ती झाकण बडवत म्हणाली. "आणि चांगली मिळतेय. मी काय वाईट शोधीन का त्याच्यासाठी?"

खुर्ची मिळाली. उन्हाळा लागताच प्रिंगलबाई डूननला बहिणीकडे राहायला गेल्या आणि हॅडोसाहेब, आमचे मुख्य, स्वतः वर येऊन बेथियाला खिडकीपाशी बसवून गेले. तिने हात मांडीवर ठेवले आणि बराच वेळ नुसती बाहेर बघत बसली. त्या दिवशी तिला कुणाचाच हेवा वाटला नसेल. मी तिच्यासाठी केक आणला होता, तो तिने सगळ्यांना सारखा वाटला.

पण शेवटी घरी जायचंच होतं, आणि घरी एफी होती. टॅनॉकांची एक खोली आणि एक स्वयंपाकघर. खोली नव्या जोडप्याला मिळाली, बेथिया आईबरोबर स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या पलंगावर. आईला एफीचं सूप आवडायचं, आईचे दुखरे गुडघे एफी चोळायची, आई आता "आमची एफी" म्हणायची. "माझं काय झालंय माहितीये का," बेथिया मला म्हणाली, "दाराबाहेरचं कुत्रं हाकलायला म्हणून उठले आणि त्याला चुलीपाशी आणून बसवलं." आणि सगळ्यात जास्त तिला हे खुपायचं की एफी तिच्याशी चांगली वागायची. "भांडत पण नाही गं ती! भांडली असती तर बरं झालं असतं."

ऑगस्टात लढाई सुरू झाली. वॉटी पितळेचं काम जाणणारा म्हणून नौदलाने त्याला तोफांच्या दुरुस्तीला जहाजावर घेतला. कारखान्यावर कामाचा डोंगर कोसळला, आणि शरदात हॅडोसाहेबांनी नियम गुंडाळून ठेवला. लग्न झालेल्या बायकांनी परत यावं. एफी परत आली. आपल्या जुन्या बाकावर बसली, पहिली कडी बसवली, आणि बेथियाने ती खिडकीच्या उजेडात धरून बघितली. तिचा चेहरा मी बघत होते. "जाऊ दे," ती म्हणाली, पण दात आवळून.

हॅडोसाहेबांच्या ते लक्षात आलं असावं. आठवड्याभराने ते नौदलाच्या तपासनिसाला घेऊन वर आले. तपासनीस उंच, सर्दी झालेला, सारखा रुमाल काढणारा माणूस.

"डोलकाठीच्या कड्या यापुढे दुप्पट लागणार," हॅडोसाहेब म्हणाले. "त्या सर्वांत चांगल्या हातानेच बसवायला हव्यात. मिस टॅनॉक, तुमच्याविषयी तक्रार नाही. पण तुमच्या भावजयीचंही नाव ऐकतोय. दोघींनी एकेक कडी बसवा. रात्रभर वाफेच्या पेटीत राहू देत. उद्या ज्या कडीचा धागा सरळ, तिची खुर्ची."

बेथियाने मान हलवली. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते.

दोघी समोरासमोर बसल्या. आम्ही कामं सोडून श्वाससुद्धा जपून घेत होतो. एफी गुणगुणत होती. बेथियाने धागा निवडला, सुंदर धागा, वाफ सोडली, चिमट्याने उचलला. आणि तेवढ्यात तिने एफीकडे पाहिलं. पापणी मिटायला लागतो तेवढाच वेळ. एफी आपला धागा खाचेत बसवत होती. मग बेथियाने आपला बसवला, लाखेचा थेंब सोडला. मी ते पाहिलं. तिने मला पाहताना पाहिलं.

कड्यांच्या पाठीवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवून मी त्या तांब्याच्या पेटीत ठेवल्या, खाली गरम ओली फडकी. सकाळी काढल्या आणि खिडकीपाशी दोन भिंगांखाली शेजारीशेजारी मांडल्या. चिठ्ठ्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाहीत अशा.

तपासनिसाने नाक पुसलं आणि एकेकीला डोळा लावला. परत लावला. "दोन्ही उत्तम," तो म्हणाला. "खरं सांगायचं तर मला फरक दिसत नाही."

हॅडोसाहेबांनी बघितलं. त्यांनाही दिसला नाही. मला बोलावलं, मी बघितलं. दोन सरळ रेघा. एफीला बोलावलं. तिने डोळा लावला, दुसरा लावला, आणि खांदे उडवले. "सारख्याच आहेत, साहेब. वन्सं छान बसवतात, मी म्हटलंच होतं."

"मग प्रश्नच मिटला," हॅडोसाहेब हसून म्हणाले. त्यांना हायसं वाटलेलं दिसत होतं. "सारख्या असतील तर जी आधीपासून बसली आहे तिचीच खुर्ची. अभिनंदन, मिस टॅनॉक."

एफी तर टाळ्या वाजवायला निघाली होती. तपासनिसाने कड्या उचलायला हात पुढे केला.

"थांबा," बेथिया म्हणाली. "मी अजून 'जाऊ दे' म्हटलेलं नाही."

"आता ते काय, नुसता उपचार..." हॅडोसाहेब म्हणाले.

"रीत आहे."

ती खुर्चीत बसली. डाव्या भिंगाला डोळा लावला. मग उजव्या. मग पुन्हा डाव्या. खाली कुठेतरी लेथ घरघरत होते. तिच्या मानेवरचे चट्टे वर चढत कानापर्यंत गेले. मी मनात म्हणत होते, म्हण ना बाई, दोन शब्द म्हण आणि मोकळी हो. कुणालाही दिसलेलं नाही. देव सोडला तर कुणालाही नाही.

"डावी जाऊ दे," ती म्हणाली. "उजवी नाही. उजवीच्या धाग्याने पोट काढलंय."

"पोट? कुठे?" तपासनिसाने घाईघाईने डोळा लावला. "मला नाही दिसत."

"कडी फिरवा. पालथी नको, जागच्या जागी अर्धा फेरा. आता मध्यावर बघा, टोकांकडे नको."

त्याने कडी फिरवली. बघितलं, रुमाल खिशात टाकला, पुन्हा बघितलं. "अरे देवा," तो म्हणाला. "खरंच की. अगदी किंचित... हे तुम्हाला कडी न फिरवताच दिसलं?"

हॅडोसाहेबांनी उजवी कडी उचलून पालथी केली आणि चिठ्ठी वाचली. मग ती त्यांनी मोठ्याने न वाचताच खाली ठेवली, पण आम्हाला सगळ्यांना कळलं. बेथियाने उठून खुर्चीच्या पाठीवरची आपली शाल काढून घेतली.

"वन्सं," एफीचा आवाज चिरकला, "मला नको खुर्ची. मला तर काही दिसलंसुद्धा नव्हतं."

"बस गप," बेथिया म्हणाली. "आणि खिडकी आतून पुसत जा रोज. बाहेरून कारखान्याचा गडी पुसतो, त्याच्यावर विसंबून राहू नकोस."

सुट्टी झाल्यावर एफी चार्टरांच्या दुकानात मटण आणायला गेली आणि आम्ही दोघी ट्रामची वाट बघत उभ्या राहिलो. भुरभुर पाऊस होता. दिवसभर दाबून ठेवलं होतं, आता मला राहवेना.

"वॉटीचा विचार आला ना मनात?" मी हळूच विचारलं. "त्याच्या जहाजावर ती कडी गेली असती तर?"

"वॉटी?" ती माझ्यावर खेकसली. "वॉटीचा विचार मी घरी करते, रात्रंदिवस करते. तिथे बसल्यावर वॉटीबिटी काही नव्हतं."

"तुझी कोणती ते ठाऊक होतं तुला?"

"माझा धागा मला ओळखू येणार नाही? आणि तिचा? तिचा तर मी अंधारातसुद्धा ओळखीन. ती आल्यापासून दुसरं बघितलंय काय मी!"

"मग म्हणायचं होतंस 'जाऊ दे'. कुणाला कळलं असतं?"

"मला." ती शालीचं टोक पिळत होती. "खिडकीत बसून रोज मला एकटीला ठाऊक असतं, तिचा सरळ आणि माझा वाकडा. एकटीने किती जळायचं, इसा? आता निदान सगळ्यांना ठाऊक आहे."

मला हसू आलं आणि मी तिच्याकडे पाहिलं, तर ती रडत होती. बेथियाला मी बापाच्या मौतीलाही रडताना पाहिलं नव्हतं. नाक लाल, तोंड वेडंवाकडं, ट्रामच्या रांगेतले लोक बघताहेत याची शुद्ध नाही.

"काय धागा होता गं तो," ती म्हणाली. "रात्रभर वाफेत राहिला आणि जरासुद्धा हलला नाही. मेलीला कळलंसुद्धा नाही आपण काय केलंय ते. मला कळलं. कळलं फक्त मला, आणि बसवला तिने."

ट्राम आली आणि निघूनही गेली. आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो.